वरचा भाग झाला, काठ मात्र राहिला: छोट्या गोधड्या अडतात कुठे आणि हातावेगळ्या करायच्या कशा

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत पलंगाखालची पेटी ओढली आणि त्यातून माझी अर्धवट शिवणं निघाली. मोजली तर अकरा. भाचीच्या मुलीसाठी घेतलेलं दुपटं होतं, ती आता बालवाडीत जाते. देवापुढचं आसन, चार टेबलमॅट, मिक्सरवर घालायचं टोपडं, खणाचे तुकडे जोडून केलेला उशीचा अभ्रा आणि असंच काही. एकही मोठी गोधडी नाही. सगळी एका रविवारात संपतील म्हणून सुरू केलेली.

ती सगळी जमिनीवर मांडली आणि प्रत्येक काम नेमकं कुठे थांबलंय ते पाहिलं. अकरापैकी आठ एकाच जागी थांबली होती. वरचे तुकडे जोडून झालेले, तीन थर एकत्र शिवून झालेले आणि चारही बाजू उघड्या, दोरे सुटलेल्या. उरलेल्या तिनांपैकी दोनांच्या मागच्या बाजूला चुण्या पडल्या होत्या आणि एकाचा लाल रंग पांढऱ्यावर उतरला होता. तुमच्याकडेही अशी पेटी असेल तर माझं ऐका, एकदा ती जमिनीवर मांडाच. कंटाळा आला, वेळ नाही, ही कारणं आपण देतो, पण काम थांबलेलं असतं ते एका ठराविक टाक्यावर. तो टाका सापडला की उपायही सापडतो.

माझ्या बाबतीत तो टाका काठाचा होता. शिवणाऱ्या मैत्रिणींना विचारलं तर बहुतेकींचं उत्तर तेच. तुकड्यांचे रंग निवडताना आपण तासन्‌तास घालवतो आणि काठाचं 'बघू नंतर' म्हणतो. तो 'नंतर' येतो तेव्हा घरात जुळणारं कापड उरलेलं नसतं, किती लागेल त्याचा हिशेब केलेला नसतो आणि कोपरा कसा वळवायचा ते दर वेळी नव्याने आठवावं लागतं. तीन अडचणी एकदम समोर आल्या की घडी घालून ठेवणं सोपं वाटतं. म्हणून आता मी पहिला तुकडा कापायच्या आधी काठ ठरवते. एवढ्या एका बदलाने माझी पेटी रिकामी होत आली आहे.

काठापासून सुरू होणारी वाकळ

आमच्याकडे सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आजी वाकळ घालायला बसायची तेव्हा जुनी सुती लुगडी जमिनीवर अंथरून हाताने सपाट करायची, लांब लांब कच्चे टाके घालून थर धरायची आणि मग चारही कडा आत दुमडून कोपऱ्यातून धावदोरा सुरू करायची. एक फेरी काठाने. मग त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरी. चौकोनात चौकोन लहान होत जायचा आणि मध्यावर सुई पोचली की वाकळ झाली. शेवटी करायचं असं काहीच शिल्लक नसायचं. काठ पहिल्याच दिवशी बंद झालेला असायचा, त्यामुळे अर्धी वाकळसुद्धा उसवत नव्हती, उचलून ठेवता येत होती आणि अगदीच गरज पडली तर पांघरताही येत होती.

उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागात राहणाऱ्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही काठाकडून मध्याकडेच. चार कोपऱ्यांना त्या कापडाच्या घड्या घालून छोटे 'फुला' लावतात. फुल्यांशिवाय कवंदी उघडी समजली जाते. या बायकांची बोली कोकणी आहे, त्यामुळे आपल्या कानाला हे शब्द परके वाटत नाहीत. या शिवणकामाबद्दल मला फार आदर आहे. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या या समाजाने जुन्या कपड्यांतून जे उभं केलं त्यात कापड तर वाया जात नाहीच, पण काम अडकण्याची जागाच ठेवलेली नाही.

हातशिलाई आवडत असेल तर पहिलं आसन असंच करून बघा. मागचं कापड सपाट ठेवा, मधला थर त्यापेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच लहान कापून त्यावर ठेवा, मागच्या कापडाची कड अर्धा इंच त्यावर दुमडा. आता वरचा पहिला तुकडा बाहेरच्या दोन कडा आत दुमडून कोपऱ्यावर बसवा आणि काठाने धावदोरा घाला. पुढचा तुकडा जागा येईल तेव्हाच ठेवा. सगळे तुकडे आधीच लावून टाचले, तर जादाचं कापड ढकललं जात मध्ये गोळा होतं आणि मधोमध फुगा येतो. काठाकडून शिवण्यात हा एकच मोठा दोष संभवतो. म्हणून दर फेरीनंतर तळव्याने कापड मध्याकडे सपाट करायचं आणि शेवटचा तुकडा उरलेल्या जागेचं माप घेऊनच कापायचा. दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्याने सुई कमी वेळा ओवावी लागते हे खरं, पण त्याला पीळ पडतो, गाठी होतात आणि वाचलेला वेळ गाठी सोडवण्यात जातो.

मशीनवर काम असेल तर

तेव्हा तीन वाटा आहेत. वस्तूप्रमाणे त्यातली एक निवडा आणि तुकडे कापायच्या आधी निवडा, कारण प्रत्येकीला मागचं कापड वेगळ्या मापाचं लागतं.

टेबलमॅट, बरणीखालची चकती, मिक्सरचं टोपडं अशा, साधारण १८ इंचांपर्यंतच्या वस्तूंना उलथवून शिवणं पुरतं. खाली मधला थर, त्यावर मागचं कापड सुलट बाजू वर करून आणि त्यावर तुकड्यांचा भाग सुलट बाजू खाली करून. चारही बाजूंनी चार सूत आतून शिवायचं. (ज्यांनी टेलरकडे शिकलं नाही त्यांच्यासाठी: आठ सूत म्हणजे एक इंच.) एका सरळ बाजूला चार-पाच इंच उघडं सोडायचं. कोपऱ्याजवळ नको, तिथून उलथवताना कोपरा खेचला जातो. उघड्या जागेच्या दोन्ही टोकांना मागेपुढे टाके घालून पक्कं करा, नाहीतर उलथवताना शिवण उसवते. मधला थर टाक्याच्या अगदी जवळून कापा, कोपऱ्यांची टोकं तिरपी छाटा, मग उलथवा. कोपरा बाहेर काढायला स्वेटरची सुई चांगली, कात्रीचं टोक नको. इस्त्री करून काठापासून एक सूत आतून सगळीकडे शिलाई मारली की सोडलेलं तोंडही तिच्यातच बंद होतं. आतली नक्षीची शिलाई त्यानंतर. यापेक्षा मोठ्या वस्तूला ही पद्धत मी वापरत नाही, मध्ये कापड गोळा होतं.

दुसरी वाट, मागचंच कापड पुढे आणून काठ करणं. मागचं कापड चारही बाजूंनी एक इंच मोठं कापायचं, वरचा भाग आणि मधला थर मात्र एकसारखा आणि काटकोनात छाटायचा. मग तो एक इंच आधी निम्मा दुमडायचा, पुन्हा दुमडून पुढे आणायचा आणि शिलाई मारायची. वेगळी पट्टी नाही, जोड नाही. फक्त मागचं कापड असं निवडा की पुढून दिसलेलं आवडेल. माझ्या अडकलेल्या चार टेबलमॅटांपैकी दोनांना मागे पुरेसं कापड शिल्लक होतं. त्या दोन्ही एका दुपारी झाल्या.

तिसरी वाट म्हणजे वेगळी पट्टी, ज्याला आपण गोट म्हणतो. धुण्यात सगळ्यात टिकतो तो हाच, म्हणून बाळाच्या दुपट्याला मी गोटच लावते. बहुतेक कामंही इथेच अडतात, तेव्हा यावर जरा थांबते.

गोटाचा हिशेब आणि कोपरा

पट्टी अडीच इंच रुंद, लांबीत निम्मी दुमडून इस्त्री केलेली. लांबी किती? चारही बाजूंची बेरीज आणि वर दहा इंच. १८ बाय १२ इंचांच्या मॅटला ६० आणि १०, म्हणजे ७० इंच. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून किनार सोडून साधारण ४२ इंचांची पट्टी निघते, म्हणजे दोन पट्ट्या पुरतात आणि कापड लागतं अवघं पाच इंच. ३६ बाय ३६ च्या दुपट्याला १५४ इंच हवेत. त्याला चार पट्ट्या, म्हणजे दहा इंच कापड. दुकानात पाव मीटर मागितलं तर ते दहा इंचांना जेमतेम कमी पडतं, म्हणून ३० सेंटिमीटर मागा. हा हिशेब मी आता वहीत लिहून ठेवते आणि पट्ट्या पहिल्याच दिवशी कापून, जोडून, जुन्या पुठ्ठ्यावर गुंडाळून त्याच कामाच्या पिशवीत टाकते. मागचं कापड आणि मधला थरही त्याच पिशवीत. ज्या दिवशी तुकडे जोडून होतील त्या दिवशी पुढचं सगळं हाताशी असलं पाहिजे. एकदा का 'रविवार पेठेत जाऊन कापड आणायचंय' हे वाक्य मध्ये आलं की काम पेटीत गेलंच समजा.

गोट म्हणजे उरेप, म्हणजे तिरपं कापलेलं, कापड हवंच, असा समज खूप जणींचा आहे. सरळ कडांना उरेप नको. सरळ आडवी कापलेली पट्टी पुरते, कमी ताणते आणि कापड वाचवते. कोपरे गोल असतील तरच उरेप कापा.

लावताना मी पट्टी आधी मागच्या बाजूला शिवते आणि मग पुढे वळवून वरून शिलाई मारते. म्हणजे डोळ्यांसमोरची शिलाई नीट येते आणि हाताने तुरपाई करत बसावं लागत नाही. हाताची तुरपाई सुंदर दिसते, भिंतीवर लावायच्या वस्तूला जरूर करा. पण दुपट्याच्या चारही बाजूंना १४४ इंच तुरपाई समोर दिसली की हात मागे येतो, आणि बाळ काही थांबत नाही.

आता कोपरा. एका बाजूने तीन सूत आतून शिवत या आणि समोरची कड तीन सूत राहिली की थांबा. कडेपर्यंत जाऊ नका, सगळी गंमत या तीन सुतांत आहे. मागेपुढे दोन टाके घालून दोरा तोडा आणि काम मशीनखालून काढा. काम वळवा. पट्टी सरळ वर, तुमच्यापासून लांब दुमडा. तिरपी घडी आपोआप पडते, बोटाने दाबा. मग तीच पट्टी खाली तुमच्याकडे आणा, अशी की वरची नवी घडी आत्ता शिवलेल्या कडेशी बरोबर जुळेल. पट्टीखाली कोपऱ्यात एक छोटं त्रिकोणी शेपूट उभं राहतं. ते दाबून टाकू नका, पुढे वळवताना तेच कोपरा भरतं. आता वरच्या कडेपासून शिलाई सुरू करा. चारही कोपरे असेच. पुढच्या बाजूला वळवताना आधी एक बाजू पूर्ण वळवा, मग दुसरी तिच्यावर घ्या. तिरपी रेघ नेटकी बसते. जाड वाटला तर कोपऱ्यातल्या मधल्या थराचं टोक तेवढं तिरपं छाटा, कापड छाटू नका. पहिल्यांदा करत असाल तर दोन रुमालाएवढे जुने तुकडे घेऊन नुसते कोपरेच करून पाहा. माझा हात तिसऱ्या कोपऱ्याला बसला.

सुरुवात कधीच कोपऱ्यात करू नका, बाजूच्या मध्यावर करा. पट्टीचं पहिलं टोक तिरपं दुमडून ठेवा, फिरून परत आलात की शेवटचं टोक इंचभर त्याच्या आत सरकवा आणि शिवून टाका.

काठ लाटांसारखा वरखाली झाला, तर शिवताना कामाची कड ताणली गेली आहे. काठ आत ओढला जाऊन वस्तू वाटीसारखी झाली, तर पट्टी ताणली गेली आहे. कड ताणू नये यासाठी एक काळजी: गोट लावण्याआधी कडेपासून एक सूत आतून चारही बाजूंनी लांब टाक्याची शिलाई मारा. तीन थर एकजीव होतात आणि कड ताणत नाही.

मागे पडणाऱ्या चुण्या

पेटीतल्या दोन कामांना हे झालं होतं. वरून सगळं छान आणि उलटून बघितलं की मागच्या कापडाला चिमट्या. मशीनचे दाते खालचं कापड मागे ओढतात आणि फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय, वरचं कापड पुढे ढकलत राहतो. दोन थरांना ते चालून जातं, तीन थरांत फरक साठत जातो. वॉकिंग फूट मिळत असेल तर तो लावा, तो वरचं कापडही सोबत चालवतो. जुन्या काळ्या पायमशीनला तो नेहमी बसत नाही. तिच्या फुटाच्या दांड्यावर, डोक्याशी, एक फिरकीचा स्क्रू असतो. तो थोडा सैल केला की फुटाचा दाब कमी होतो, माझ्या मशीनवर एवढ्यानेच निम्म्या चुण्या गेल्या. टाका लांब ठेवा, तीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंचात आठ-नऊ टाके.

त्याआधी कच्चे टाके. मागचं कापड टेबलाला चिकटपट्टीने ताठ चिकटवा, खेचू नका, फक्त सुरकुती नको. त्यावर मधला थर, त्यावर वरचा भाग, आणि मधून बाहेर मूठभर अंतरावर सेफ्टी पिना किंवा लांब टाके. छोट्या कामाला याची गरज नाही असं मला वाटायचं. पण बारा इंचांच्या मॅटवरसुद्धा चुणी पडते, आणि उसवायला शिवण्यापेक्षा तिप्पट वेळ जातो. मशीनवर आतली शिलाईसुद्धा मध्यापासून बाहेर घ्या. हाताने काठाकडून जाता येतं कारण प्रत्येक टाक्याला आपण कापड सारखं करतो, मशीन ते करत नाही.

शिवताना खाली दोऱ्याचा गुंता झाला की आपण बॉबिन तपासत बसतो. बहुतेकदा चूक वरच्या दोऱ्याची असते. दोरा ओवताना फूट खाली असला तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. फूट वर करा, दोरा पुन्हा ओवा. टाके सुटत असतील तर सुई बदला. दोन सुती थर आणि पातळ मधला थर असेल तर १४ नंबर, जाड असेल तर १६.

मधल्या थराला दर वेळी विकतचं लागत नाही. जुनी फ्लॅनेलची चादर किंवा सुती लुगड्याच्या दोन घड्या दुपट्याला मऊ पडतात. गरम पातेल्याखाली ठेवायची चकती असेल तर पॉलिस्टरचा थर अजिबात नको, उष्णतेने तो वितळतो. तिथे सुतीच घाला.

रंग उतरण्याचं सांगून टाकते. लाल, मरून, गडद निळा आणि नवा खण यांवर विश्वास ठेवू नका. ओला पांढरा रुमाल कापडावर ठेवून इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर ते कापड दोन-तीनदा वेगळं धुवा आणि पुन्हा तपासा. मिठाच्या पाण्यात ठेवलं म्हणजे रंग पक्का झाला, असं धरून चालू नका. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटतं, म्हणून कापण्याआधी सगळंच एकदा धुऊन इस्त्री करून घ्या. जुन्या लुगड्याला हा त्रास नाही, त्याचं आटणं कधीच संपलेलं असतं.

आधीच अडकलेल्या कामांचं काय, तर प्रत्येकाला सेफ्टी पिनने एक चिठ्ठी लावा आणि तिच्यावर पुढची एकच पायरी लिहा. 'पूर्ण करणे' असं नको. 'गोटाच्या दोन पट्ट्या कापणे', 'दुसरा कोपरा', 'मागची चुणी सहा इंच उसवणे' असं. माझं मशीन जेवणाच्या टेबलावरच मांडावं लागतं आणि रात्री उचलावं लागतं, त्यामुळे मला एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त मिळत नाही. चिठ्ठी वाचली की त्यातली दहा मिनिटं आठवण्यात जात नाहीत. उठताना सुईत दोरा ओवून ठेवते.

रंग उतरलेल्या त्या आसनाचा पांढरा तुकडा बदलला. उरलेल्या दोन मॅटही झाल्या. भाचीच्या मुलीचं दुपटं तिला आता पुरणार नाही, म्हणून ते मधोमध घडी घालून तिच्या बाहुलीच्या पलंगाच्या मापाने छाटलं आणि लाल ठिपक्यांचा गोट लावायला घेतला. दोन कोपरे झालेत. चिठ्ठीवर लिहिलंय, 'तिसरा कोपरा, शेपूट दाबू नये'.